आलेल्यांची मोजणी, हरवलेल्यांची मोजणी : नांदेड-लातूरमधली ख्रिस्ती विद्यार्थी-सेवा
 

आजचा प्रश्न दिसायला साधा आहे. कॉलेजात, होस्टेलमध्ये, क्लासला आलेल्या मुलामुलींमध्ये जी ख्रिस्ती सेवा चालते, ती यशस्वी झाली की नाही हे ठरवायचं कसं? आणि ठरवायचं कोणी? हा प्रश्न आपण हवेत सोडवणार नाही. नांदेड आणि लातूर ही दोन गावं समोर ठेवू.

हीच दोन का? कारण यश मोजण्याची सवय या गावांना चांगलीच लागलेली आहे. 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. राजर्षी शाहू महाविद्यालयाचं नाव या पॅटर्नशी जोडलं गेलं. तिथले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. हे विद्यापीठ १९९४ मध्ये सुरू झालं. आधी बारावीच्या मेरिट लिस्टमध्ये किती, हा प्रश्न होता. आता नीटमध्ये ७२० पैकी किती, हा आहे. निकाल लागला की चौकाचौकात फ्लेक्स लागतात. वर मुलांचे फोटो, खाली गुण. लातूरच्या ट्युशन एरियातून चालत गेलात तर मान वर करूनच चालावं लागतं.

त्या फ्लेक्सवर कोण नसतं, हे आपल्याला माहीत आहे. ज्याला ३१० मिळाले तो नसतो. दुसऱ्यांदा रिपीट करणारी मुलगी नसते. वर्षभर मेसचा डबा खाऊन, बापाने सोयाबीन विकून भरलेली फी वाया गेली म्हणून गावाकडे तोंड दाखवायला लाजणारा मुलगा नसतो. फ्लेक्स खोटं बोलत नाही. वरचा प्रत्येक गुण खरा असतो. फ्लेक्स फक्त आलेल्यांना दाखवतो, गेलेल्यांना दाखवत नाही.

आमचं आजचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं, की विद्यार्थ्यांमधल्या ख्रिस्ती सेवेचे बरेचसे अहवाल हे असेच फ्लेक्स झाले आहेत. हे आम्ही बाहेर उभं राहून बोलत नाही. आम्ही मंडळीतच वाढलो, प्रार्थनासभांच्या सतरंज्यांवरच बसलो, आणि असे अहवाल आम्हीही भरले आहेत. म्हणून ही टीका आधी आमच्यावरच आहे.

आता ही सेवा म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. भारतात विद्यार्थ्यांची ख्रिस्ती चळवळ जुनी आहे. स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंटची भारतातली सुरुवात १९१२ ची. युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया, म्हणजे आपण ज्याला सरळ 'यूईएसआय' म्हणतो, ती १९५४ ची. अमेरिकेत बिल ब्राइट यांनी १९५१ मध्ये सुरू केलेली कॅम्पस क्रूसेड आणि त्याआधीची नॅव्हिगेटर्स, यांच्या पद्धतीही पुढे इकडे आल्या. मोठ्या शहरांत या कामाला इमारती असतात, शिबिरं असतात, गिटार असते. आपल्याकडच्या गावांत चित्र वेगळं असतं. भाड्याची एक खोली, रविवारची दुपार, आठ-दहा जण, एक 'दादा' किंवा 'ताई', थोडी गाणी, शास्त्राचा एक भाग, चहा. ख्रिस्ती लोक महाराष्ट्रातच २०११ च्या जनगणनेनुसार एक टक्क्याच्या आत आहेत. मराठवाड्याच्या या कोपऱ्यात तर ते शोधावे लागतात. तेव्हा या खोलीत येणारी निम्मीअधिक मुलं ख्रिस्ती घरातली नसतील, तर नवल नाही.

आणि महिनाअखेरीस दादाला फॉर्म भरायचा असतो. सगळ्या संस्थांचे फॉर्म एक नसतात, काही ठिकाणी तो नसतोही. पण रकाने साधारण असे: किती जणांना भेटलो, किती जणांनी सुवार्ता ऐकली, किती जणांनी निर्णय घेतला, किती बाप्तिस्मे, किती नवे गट. चार ओळी साक्षीसाठी. शक्य असेल तर फोटो.

हे रकाने एकेक करून तपासू. नांदेड-लातूरच्या जमिनीवर ते काय मोजतात ते बघू.

पहिला रकाना, हजेरीचा. लातूरमध्ये हजेरी सुवार्तेवर ठरत नाही, टेस्ट सिरीजवर ठरते. जुलैत नवी बॅच येते, घरची आठवण येते, खोली भरते. जानेवारीनंतर रिव्हिजन सुरू होते, खोली रिकामी होते. मेमध्ये नीट झाली की गावच रिकामं होतं. आता जो दादा जुलैचा आकडा पाठवेल त्याची सेवा 'वाढत आहे', आणि फेब्रुवारीचा पाठवेल त्याची 'थंडावली आहे'. प्रत्यक्षात दोन्ही महिन्यांत त्याने तेवढेच कष्ट घेतलेले असतात. किंबहुना फेब्रुवारीत रात्री अकराला फोन करून, 'सर, माझं काहीच होणार नाही' म्हणणाऱ्या एका मुलाजवळ तो दोन तास बसला असेल, तर त्याचं खरं काम फेब्रुवारीतच झालं. फॉर्ममध्ये ते 'एक' म्हणून येतं.

दुसरा रकाना, निर्णयाचा. सभेच्या शेवटी डोळे मिटायला सांगतात आणि ज्यांना प्रभूला जीवन द्यायचं आहे त्यांनी हात वर करावा म्हणतात. हा क्षण खोटा असतोच असं आम्ही म्हणत नाही. कित्येकांचं आयुष्य अशाच एका क्षणी वळलेलं आहे. पण आपल्याकडचा अठरा वर्षांचा मुलगा हात वर का करतो, याचीही कारणं पाहू. दादाने दोन महिने चहा पाजलेला असतो. तापात गोळ्या आणून दिलेल्या असतात. आपल्या संस्कारात मोठ्या माणसाला तोंडावर 'नाही' म्हणणं जड जातं. मुखेडहून किंवा देगलूरहून आलेला, घरातला पहिलाच कॉलेजात जाणारा मुलगा असेल तर त्याला ते आणखी जड जातं. म्हणजे तो हात कधी विश्वासाचा असतो, कधी भिडेचा. रकान्यात दोन्ही सारखेच दिसतात.

लातूरकरांना हे पाण्याच्या भाषेत लवकर कळेल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. किती वाघिणी, किती लाख लिटर, हे सगळ्या वर्तमानपत्रांत होतं. त्या दिवशी त्या पाण्याची गरज होती, त्याबद्दल वाद नाही. पण गाव पाणीदार झालं का, हा हिशेब वाघिणी मोजून होत नाही. त्यासाठी दोन पावसाळे जाऊ द्यावे लागतात आणि विहिरीत डोकावून पाहावं लागतं. निर्णयांचा आकडा हा वाघिणींचा आकडा आहे.

तिसरा रकाना, बाप्तिस्म्याचा. हा सगळ्यांत ठोस वाटतो, आणि आपल्याकडे हाच सगळ्यांत फसवा आहे. का, ते नीट समजून घ्या. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधलेला आहे. तो सुरुवातीला फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना मिळाला, १९९० मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती झालेल्याला तो नाही. महाराष्ट्रात तो ओबीसींच्या यादीत येतो. अनुसूचित जमातीचा दर्जा मात्र असा धर्माशी बांधलेला नाही. आता एकाच खोलीत दोन मुलं बसली आहेत असं समजा. एक किनवटकडचा आदिवासी, दुसरा कंधारकडचा दलित. दोघांचा विश्वास सारखा आहे. पहिल्याने पाण्यात उतरायचं ठरवलं तर कायद्याने त्याचा दाखला जात नाही. दुसऱ्याने ठरवलं तर त्याचं आरक्षण, शिष्यवृत्ती, मेडिकलची सीट, सगळ्याचा प्रश्न उभा राहतो. मग दुसरा म्हणतो, 'दादा, मनात आहे, पण इतक्यात नको.' रकान्याच्या हिशेबाने पहिला यश आणि दुसरा अपयश. पण विश्वासाची किंमत कोण जास्त ओळखून आहे, ते मला सांगा.

आणि दुसऱ्याला 'धाडस कर' म्हणणाऱ्या दादाने स्वतःला विचारावं, की हे धाडस मुलासाठी आहे की माझ्या रकान्यासाठी? कारण सीट त्याची जाणार आहे, आकडा माझा वाढणार आहे. शिवाय हेही लक्षात ठेवायला हवं, की सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये रेव्हरंड स्टेनिस्लॉस यांच्या खटल्यात धर्मप्रसाराचा हक्क आणि दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क यांत फरक केला. दुसऱ्याचा विवेक हा आपला हिशेब नव्हे, हे कायदाही सांगतो. आमच्या मते ते शास्त्रही सांगतं.

चौथा रकाना, नव्या गटांचा. इथे एक गणित नेहमी फळ्यावर मांडलं जातं. एकाने वर्षभरात एकाला तयार करायचं. पुढच्या वर्षी दोघांनी दोघांना, मग चौघांनी चौघांना. तेहतीस वर्षांत आकडा ८५८ कोटींच्या वर जातो. जगाची लोकसंख्या २०२२ मध्ये ८०० कोटी झाली, म्हणजे जग पुरत नाही. गणित बरोबर आहे. पण ते फळ्यावरचं आहे. पौलाने तीमथ्याला विश्वासू माणसांच्या हाती शिक्षण सोपवायला सांगितलं, ही गोष्ट खरी. मात्र तिथे तारीख घातलेली नाही. लातूरचा रिपीटर वर्षभर राहतो. मग तो सांगलीला, नागपूरला किंवा परत आपल्या गावी जातो. साखळीची कडी तयार होते तोवर बॅग भरलेली असते. मग दादा 'अपयशी' ठरतो. नागपूरच्या वसतिगृहात तो मुलगा चार वर्षांनी कोणा एकाशेजारी रात्रभर बसला, तर ते लातूरच्या अहवालात कधीच येत नाही.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. या चळवळींच्या शिकवणीत आकड्यांची पूजा नाही. बिल ब्राइट यांनी यशस्वी साक्षीची जी व्याख्या लोकप्रिय केली, तिचा गाभा असा, की आपण पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने सांगायचं आणि परिणाम देवावर सोपवायचा. चांगली व्याख्या आहे. अडचण अशी, की परिणाम देवावर सोपवल्यावरही महिनाअखेरीस तो फॉर्मवर लिहावाच लागतो. शिकवण एक बोलते, रकाना दुसरं. आणि पोट भरणारा माणूस रकान्याचं ऐकतो.

आता थोडं मागे जाऊ. हा प्रश्न आजचा नाही, मराठी ख्रिस्ती इतिहासाच्या पहिल्या पानापासून तो आहे.

मुंबईत जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये शिक्षणसंस्था काढली. १८३९ मध्ये दोन पारशी तरुणांचा बाप्तिस्मा झाला आणि मोठा गहजब उडाला. पालकांनी मुलं भराभर काढून नेली. मग १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, अजून पोरवयाचा, तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडील कोर्टात गेले. मुलगा अज्ञान आहे म्हणून कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केलं. पण मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या मुलाला जात घेईना. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला शुद्ध करून घेण्यासाठी खटपट केली, तर सनातनी मंडळी त्यांच्यावरच उलटली.

आता या दोन भावांकडे बघा. मिशनच्या हिशेबात थोरला जमेला, धाकटा खर्ची. जातीच्या हिशेबात बरोबर उलटं. दोन्ही बाजू वह्या घेऊन बसल्या होत्या. त्या मुलाला नेमकं काय हवं होतं, त्याला रात्री झोप लागत होती का, तो भावाला भेटू शकत होता का, हा रकाना कोणाच्याच वहीत नव्हता. मराठीतली विद्यार्थ्यांमधली सुवार्तासेवा आणि तिला होणारा विरोध, दोन्ही या एका मुलाच्या डोक्यावरून गेले. म्हणून आम्ही म्हणतो, मोजपट्टीची चूक केवळ ख्रिस्ती लोकांची नाही. जो कोणी माणसाला संख्या म्हणून पाहतो, त्याची ती आहे.

थोरल्या भावाची गोष्ट आपल्या मराठवाड्यात येते. रेव्हरंड नारायण शेषाद्री पुढे जालन्याला आले. निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ, बेथेल नावाची वसाहत उभी राहिली आणि त्यांचं काम गावकुसाबाहेरच्या लोकांमध्ये रुजलं. इंग्रजी शिकलेला, मुंबईच्या शाळेतला हा विद्यार्थी. १८४३ च्या अहवालात तो 'एक बाप्तिस्मा' होता. त्या एकाचा अर्थ काय, हे कळायला कित्येक वर्षं लागली, आणि तो कळला मुंबईत नाही, जालन्यात. कोणता मासिक अहवाल हे पकडू शकला असता?

दुसरं उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्या वर्षीच्या कोणत्याही हिशेबात तो एकच धरला जाईल. कवी आहे, विद्वान आहे म्हणून फार तर ठळक अक्षरात. पण त्याच घटनेची दुसरी बाजू ज्यांनी 'स्मृतिचित्रे' वाचलं आहे त्यांना ठाऊक आहे. लक्ष्मीबाईंचा वियोग, नातेवाइकांच्या आधाराने काढलेले दिवस, आणि मग त्यांचा स्वतःचा, स्वतःच्या पावलांनी केलेला प्रवास. त्यांना घाई करून उपयोग नव्हता. त्या आपल्या वेळेने आल्या, आणि म्हणूनच शेवटपर्यंत टिकल्या. टिळक स्वतः १९१७ मध्ये मिशनच्या चाकरीतून बाहेर पडले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत अशी त्यांची कल्पना होती. दोन वर्षांनी ते गेले आणि दरबार फार वाढला नाही. आकड्यांत तो पडलाच म्हणा. पण कंधारच्या ज्या मुलाबद्दल आपण आत्ता बोललो, त्याच्यासाठी जागा असलेली मराठीतली पहिली खोली कदाचित तीच होती.

बरं, मग मोजायचंच नाही का? इथे आमच्या बाजूच्या लोकांनाही आम्हाला अडवायचं आहे. 'आमच्याकडे संख्या नाही, दर्जा आहे', हे वाक्य फार सोयीचं असतं. वर्षानुवर्षं तीच पाच डोकी, तीच गाणी, नव्या मुलाला बसायला जागा देण्याची तसदी नाही, आणि वर दर्जाचा टेंभा. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात विल्यम मिलर यांनी काही दशकं असा विचार मांडला, की कॉलेजाने बाप्तिस्मे मोजू नयेत, समाजात ख्रिस्ती विचार हळूहळू मुरू द्यावा. विचार मोठा होता. पण त्यातला धोका असा, की 'मुरतंय' हे कधीही म्हणता येतं. मुरलं नाही हे कधीच सिद्ध होत नाही. जी सेवा चूक ठरूच शकत नाही, ती सुधारतही नाही.

शिवाय शास्त्रात मोजणी आहेच. प्रेषितांच्या कृत्यांत पेंटेकॉस्टच्या दिवशी सुमारे तीन हजारांची भर पडल्याचं लिहिलं आहे. लूकने ते लाजत लिहिलेलं नाही. उलट दाविदाने शिरगणती केली तेव्हा त्याचं मन त्याला खाऊ लागलं. म्हणजे मोजण्याचे प्रकार दोन आहेत. एक राजाचा: माझ्याकडे तलवार धरणारे किती? दुसरा मेंढपाळाचा.

मेंढपाळाकडे नीट बघा. शंभरातलं एक मेंढरू हरवल्याची गोष्ट आपण इतक्यांदा ऐकली आहे, की एक साधी गोष्ट आपल्या लक्षात येत नाही: त्याने मोजलं होतं. मोजलं नसतं तर एक कमी आहे हे त्याला कळलंच नसतं. तेव्हा मोजणी हवी. पण त्याने मोजलं ते नव्व्याण्णवांचा फ्लेक्स लावायला नाही. कोण नाही, हे कळायला मोजलं. आणि उत्तर मिळाल्यावर तो बसून अहवाल लिहीत राहिला नाही, उठून निघाला. आपली मोजणी नेमकी इथे फिरली आहे. आपण कोण आलं ते मोजतो. कोण येईनासं झालं, ते मोजत नाही.

नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण असतात आणि चुकीच्या उत्तराला एक कापतात. लातूरच्या पोरांना हे झोपेतही पाठ असतं. आपल्या फॉर्मला निगेटिव्ह मार्किंगच नाही. दहा जणांनी हात वर केला तर दहा मिळतात. त्यातला एक दोन महिन्यांनी, 'माझा फोटो न विचारता का छापला, घरी कळलं, आता बाप बोलत नाही' म्हणून रडत निघून गेला, तर काहीच कापलं जात नाही. तो फक्त पुढच्या महिन्यात दिसत नाही.

मग काय मोजावं? आमच्याकडे तयार फॉर्म नाही. पण काही प्रश्न आहेत. नांदेडच्या किंवा लातूरच्या खोलीत बसून, वर्षातून एकदा, चहा पीत ते विचारता येतील.

पहिला प्रश्न: गेल्या वर्षी येत होते आणि यंदा येत नाहीत, त्यांची नावं आपल्याला येतात का? आणि का येत नाहीत, हे त्यांच्याच तोंडून कोणी ऐकलं आहे का? 'जगाच्या मोहात पडला' हे उत्तर चालणार नाही. ते आपलं उत्तर आहे, त्याचं नाही.

दुसरा: ज्याने 'नाही' म्हटलं, त्याचा चहा बंद झाला का? ज्या मुलीने सांगितलं, 'ताई, मला तुमचं पटत नाही', तिला ताप आला तर गोळी घेऊन कोणी जातं का? जात असेल तर पहिल्या दिवसाची गोळी ही प्रीती होती. जात नसेल तर ते आमिष होतं, मग आपण त्याला काहीही नाव देवो. बाहेरचे लोक आपल्यावर जो आरोप करतात, त्याचं खरं उत्तर पत्रकातून देता येत नाही. ते इथे द्यावं लागतं.

तिसरा: दहा वर्षांपूर्वीची मुलं आज कशी आहेत? रविवारी चर्चला जातात का, एवढंच विचारू नका. लग्नात हुंडा घेतला का, ते विचारा. दवाखाना टाकल्यावर पेशंट पाठवण्याचा कट घेतात का, ते विचारा. गावी गेल्यावर वाड्यात आणि वस्तीत सारखंच पाणी पितात का, ते विचारा. ही उत्तरं नेहमी गोड नसतील. पण ती खरी असतील, आणि पुढच्या बॅचला काय शिकवायचं ते त्यांतून कळेल.

चौथा: त्या खोलीत कधीच न आलेल्या रूममेटला काय मिळालं? त्याच्या बाजूच्या खाटेवर एक ख्रिस्तशिष्य वर्षभर राहत होता. परीक्षेच्या आदल्या रात्री त्याने नोट्स लपवल्या की दिल्या? ही साक्ष कोणत्याही पत्रिकेपेक्षा लांब जाते. तिचा साक्षीदार ख्रिस्ती नसतो, म्हणून ती जास्त विश्वासाची.

आणि पाचवा, जो आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: आपण लिहिलेला अहवाल, तो ज्याच्याबद्दल आहे त्या मुलासमोर मोठ्याने वाचून दाखवता येईल का? त्याच्या भाषेत, त्याच्या मित्रांसमोर? 'अंधारातल्या अमुक गावचा एक मुलगा...' असं लिहिलं असेल आणि ते वाचताना आपली जीभ अडखळत असेल, तर ते वाक्य खोडा. तो अंधारातून आलेला नाही, नायगावहून एसटीने आलेला आहे. त्याला आई आहे. तिने दिलेली चटणी आपण सगळ्यांनी खाल्ली आहे. जे त्याच्यासमोर वाचता येत नाही ते देणगीदारासमोर वाचू नये, इतकी साधी कसोटी आहे.

इथे पैशाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. बहुतेक सेवक लबाड नसतात. ते थकलेले असतात. तुटपुंज्या मदतीवर घर चालवतात, आणि ती मदत 'चांगल्या बातमी'वर अवलंबून असते. लांबच्या मंडळीत बसून, 'या वर्षी किती?' असं विचारणाऱ्यांनी हे ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवलं आहे. तेव्हा बदल खोलीतून सुरू होणार नाही. पाठवणाऱ्यांकडून सुरू व्हावा लागेल. पैसे देणाऱ्यांना हिशेब मागण्याचा हक्क आहे. पैशाचा हिशेब रुपया-रुपयाचा मागावा. माणसांचा मागताना त्यांनी एक रकाना आणखी जोडावा: या वर्षी आमच्या हातून कोण दुखावलं, आणि आम्ही काय केलं? आणि तो रकाना भरून आला म्हणून मदत बंद करू नये. उलट तो वर्षानुवर्षं कोरा येत असेल, तर काळजी करावी.

कोणी म्हणेल, अशाने काम वाढणार कसं? आम्ही सांगतो, काही ठिकाणी ते कमी होईल. दहा लोक दहा मुलींना, दहा मुलांना नीट ओळखतील आणि अकराव्याला म्हणतील, थांब, तुझ्यासाठी अजून एक माणूस शोधतो. ही वाढ सावकाश असते. पण येशूच्या कामातही एक वेळ अशी आली होती, की त्याचं बोलणं कठीण वाटून पुष्कळ शिष्य मागे फिरले. योहानाने ते आपल्या शुभवर्तमानात लिहून ठेवलं. त्या दिवशीचा आकडा उतरता होता. त्याने जाणाऱ्यांना अडवलं नाही, आणि उरलेल्या बारांना विचारलं, तुम्हीही जाऊ इच्छिता का? यशाच्या मागे लागलेला माणूस हा प्रश्न विचारत नाही. ज्याला समोरच्याचं स्वातंत्र्य आपल्या आकड्यापेक्षा मोठं वाटतं, तोच विचारतो.

शेवटी पुन्हा लातूरच्या चौकात येऊ. जूनमध्ये निकालाचे फ्लेक्स लागतील. सगळं गाव वर बघत असेल. त्या दिवशी संध्याकाळी ज्याचा फोटो लागला नाही, त्याच्या खोलीचं दार वाजवायला कोणी गेलं, आणि काही न बोलता त्याच्याबरोबर मेसमध्ये जेवून आलं, तर त्या गावात ख्रिस्ताची सेवा झाली. तो मुलगा पुढे विश्वास ठेवील की नाही, माहीत नाही. ते त्याचं आणि देवाचं. आपल्या वहीत एवढंच लिहावं, की तो कुठे होता हे आपल्याला माहीत होतं.

आता प्रश्न घेऊ. नांदेड-लातूरकडून जे ऐकत आहेत त्यांनी आधी विचारावं. आमचं काही चुकलं असेल तर तेही सांगावं.